गूगलची गाडी आणि नगरचा रस्ता

27 जुलै 2022 रोजी गूगलने भारतात ‘स्ट्रीट व्ह्यू’ सुरू केल्याचे दिल्लीत जाहीर केले. सोबत पहिल्या दहा शहरांची यादी होती. बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, मुंबई, हैदराबाद, पुणे, नाशिक, बडोदा, अमृतसर आणि अहमदनगर. दहापैकी चार शहरे महाराष्ट्रातली, आणि त्या चारांत नागपूर नव्हते, कोल्हापूर नव्हते, औरंगाबादही नव्हते. नगर मात्र होते.

हे नाव या यादीत येणे अनेक अर्थांनी नवल होते. नगर हे जुने लष्करी ठाणे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र स्वातंत्र्यानंतर लगेचच, 1948 मध्ये इथे आले. यांत्रिकी पायदळाचे केंद्र 1979 पासून इथे आहे. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच. भुईकोट किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. 9 ऑगस्ट 1942 ला नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशा काँग्रेस नेत्यांना पकडून याच किल्ल्यात आणले, तेव्हा त्यांना कुठे ठेवले आहे हे ब्रिटिश सरकारने सुरुवातीला लोकांना कळूही दिले नव्हते. जागेची माहिती दडवून ठेवणे ही राज्यकर्त्यांची जुनी सवय आहे, आणि नगरने ती सवय जवळून पाहिली आहे.

अशा गावाचे रस्ते, चौक, दुकानांच्या पाट्या आणि बंगल्यांची फाटके जगात कुठेही बसलेल्या माणसाला मोबाइलवर फिरून पाहता येतील, अशी परवानगी भारत सरकारने दिली. त्याआधी तब्बल अकरा वर्षे हेच सरकार याच कंपनीला याच कामासाठी ‘नाही’ म्हणत आले होते. परदेशी तंत्रज्ञान कंपनीला एखादे सरकार वेसण घालू शकते का, हा प्रश्न आज सगळीकडे विचारला जातो. स्ट्रीट व्ह्यूच्या भारतातल्या या अकरा वर्षांत त्याचे उत्तर सापडते. मात्र ते उत्तर दोन टप्प्यांचे आहे आणि दुसरा टप्पा पहिल्याइतका समाधानकारक नाही.

हॅम्बुर्गने विचारलेला प्रश्न

स्ट्रीट व्ह्यूची सुरुवात मे 2007 मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांत झाली. छतावर कॅमेऱ्यांचा खांब बसवलेली गाडी रस्त्यारस्त्याने जायची, चहूबाजूंची छायाचित्रे टिपायची आणि नंतर ती छायाचित्रे नकाशावर जोडली जायची. लोकांनी कौतुक केले, काहींनी कुरकूर केली. कोणी स्वतःच्या अंगणात बसलेला दिसला, कोणी नको त्या दुकानातून बाहेर पडताना. मग गूगलने चेहरे आणि गाड्यांचे नंबर धूसर करायला सुरुवात केली आणि प्रकरण निवळले, असे वाटले.

ते पुन्हा पेटले जर्मनीत. हॅम्बुर्ग या राज्याचे माहिती-संरक्षण आयुक्त योहानेस कास्पर यांनी 2010 च्या वसंतात गूगलला एक साधा प्रश्न विचारला: तुमची गाडी छायाचित्रांखेरीज आणखी काय गोळा करते? गाडीवर वायफायची यंत्रे शोधणारा अँटेना होता. त्याचा उपयोग मोबाइलला आपली जागा ओळखता यावी म्हणून घरोघरच्या वायफायची नोंद करण्यापुरता आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. कास्पर यांनी नुसत्या शब्दावर ते मान्य केले नाही, तपासणी मागितली.

14 मे 2010 ला गूगलला कबूल करावे लागले की, ज्या घरांच्या वायफायला कुलूप नव्हते तिथून जाता-येताना प्रत्यक्ष मजकुराचे तुकडेही गाडीने उचलले होते. हे तीसहून अधिक देशांत घडले होते आणि जमा झालेली माहिती सुमारे 600 गिगाबाइट होती. चूक झाली, असे कंपनी म्हणाली. नंतरच्या तपासात कॅनडाच्या गोपनीयता आयुक्त जेनिफर स्टॉडर्ट यांना त्यात संपूर्ण ईमेल सापडले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या चौकशीत असेही पुढे आले की, हा मजकूर उचलणारा प्रोग्राम एका अभियंत्याने जाणूनबुजून लिहिला होता आणि त्याने ते सहकाऱ्यांना सांगितलेही होते.

मग दंडांची मालिका सुरू झाली. फ्रान्सने 2011 मध्ये एक लाख युरो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2012 मध्ये 25 हजार डॉलर, तेही माहिती उचलल्याबद्दल नव्हे तर चौकशीत अडथळा आणल्याबद्दल; उचलण्याची कृती तिथल्या कायद्यात नीट बसतच नव्हती. 2013 मध्ये अमेरिकेतल्या 38 राज्यांशी मिळून 70 लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी हॅम्बुर्गने एक लाख 45 हजार युरोंचा दंड केला. त्या कायद्याने करता येणारा सर्वांत मोठा दंड होता दीड लाख.

या आकड्यांची मातब्बरी किती? 2011 साली गूगलचे उत्पन्न सुमारे 3,790 कोटी डॉलर होते. त्या हिशेबाने अमेरिकेचा 25 हजारांचा दंड म्हणजे कंपनीची वीस-एकवीस सेकंदांची कमाई. तरीही कास्पर यांच्या प्रश्नाचे मोल या रकमेवर ठरत नाही. परदेशातली कंपनी आपल्या रस्त्यावरून जाते तेव्हा तिने माझ्या घरातले काय नेले, हे विचारण्यासाठी तिथे एक खुर्ची होती, त्या खुर्चीवर माणूस होता आणि उत्तर मिळेपर्यंत तो हटला नाही. जर्मनीत आपले घर धूसर करावे म्हणून वीस शहरांतून दोन लाख 44 हजारांवर कुटुंबांनी अर्ज केले. 2011 नंतर गूगलने जर्मनीत नवी छायाचित्रे घेणेच थांबवले. ते पुन्हा सुरू झाले थेट 2023 मध्ये. दंड किरकोळ पडला, पण लोकांच्या नाराजीने जे काम बारा वर्षे थांबले, ते दंडाने थांबले नसते.

दिल्लीची धास्ती वेगळी

गूगलची गाडी युरोपात हा गोंधळ घालत होती तेव्हा ती भारतातल्या रस्त्यांवर आलीच नव्हती. पण गूगलशी भारत सरकारचा खटका आधीच उडाला होता. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये, ‘गूगल अर्थ’ येऊन चारच महिने झाले असताना, राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी हैदराबादेत पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना धोक्याची सूचना दिली: उपग्रहाची इतकी बारीक छायाचित्रे कोणालाही फुकट मिळू लागली तर दहशतवाद्यांचेही काम सोपे होईल. त्याच वर्षी भारताने आपले राष्ट्रीय नकाशा धोरण आणले आणि नकाशांच्या दोन मालिका ठरवल्या, एक सर्वांसाठी खुली आणि दुसरी फक्त संरक्षण दलांसाठी. 1767 पासून नकाशे काढणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाला नकाशा ही सरकारी मालमत्ता आणि बरेचदा सरकारी गुपित वाटत आले होते. कॅलिफोर्नियातल्या एका खासगी कंपनीने त्या गुपिताला खिंडार पाडले होते.

26 नोव्हेंबर 2008 नंतर ही धास्ती कागदावरची राहिली नाही. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी उपग्रह-चित्रांचा आणि जीपीएसचा उपयोग केला होता. पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या इंटरनेट फोन सेवेतून त्यांच्याशी बोलत होते. या सेवेतल्या त्यांच्या खात्याची माहिती काढायला, पैसे कुठून भरले गेले ते शोधायला आणि पुढे न्यायालयात साक्ष द्यायला अमेरिकेच्या एफबीआयची मदत लागली. हल्ला मुंबईत, माणसे मेली मुंबईत, पण पुरावा अमेरिकी कंपनीच्या संगणकावर, ही बोच भारतीय यंत्रणेला तेव्हापासून लागली. हल्ल्यानंतर काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली: महत्त्वाच्या ठिकाणांची गूगल अर्थवरची चित्रे बंद करा.

2010 मध्ये सरकारने कॅनडाच्या ब्लॅकबेरी कंपनीला निर्वाणीचा इशारा दिला. ऑगस्टअखेर आमच्या यंत्रणांना संदेश तपासण्याची सोय करून द्या, नाहीतर सेवा बंद करू. बरीच घासाघीस झाली. कंपनीने पुढे मुंबईत आपला सर्व्हर बसवला आणि कायद्याने मागितल्यास काही संदेश पाहता येतील अशी व्यवस्था केली. परदेशी कंपनी वाकू शकते, हे दिल्लीला तिथे पहिल्यांदा दिसले. मात्र तिला वाकवले होते ते ग्राहकाचे संदेश वाचता यावेत म्हणून. ग्राहकाचे संदेश सुरक्षित राहावेत ही मागणी त्या वाटाघाटीत कोणाचीच नव्हती.

अशा वातावरणात मे 2011 मध्ये गूगलने बंगळुरूत स्ट्रीट व्ह्यूची गाडी काढली. गल्लीबोळांसाठी तीनचाकी सायकलीही होत्या. महिना उलटायच्या आत बंगळुरू पोलिसांनी पत्र देऊन काम थांबवले. कारण सुरक्षेचे होते. शहरात संरक्षण खात्याच्या, अवकाश संशोधनाच्या, लष्कराच्या इतक्या संस्था. त्यांच्या भिंती आणि फाटके टिपायची परवानगी कोणी दिली, हा पोलिसांचा सवाल होता. जर्मनीत आयुक्ताने घराच्या आतल्या मजकुराबद्दल विचारले, बंगळुरूत पोलिसांनी संस्थेच्या बाहेरच्या भिंतीबद्दल. गाडी एकच, पण दोन देशांना तिची भीती वेगवेगळ्या कारणांनी वाटली.

गूगल गप्प बसले नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाबरोबर करार करून ताजमहाल, लाल किल्ला अशा स्मारकांची आतून-बाहेरून छायाचित्रे घेतली. 2013 मध्ये ‘मॅपॅथॉन’ नावाची स्पर्धा काढली: आपल्या गावातली ठिकाणे नकाशावर भरा आणि बक्षीस मिळवा. भारतीय सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली. लोकांनी उत्साहाने भरलेल्या नोंदींत लष्करी ठिकाणेही आली होती, असा आक्षेप होता. प्रकरण सीबीआयच्या प्राथमिक चौकशीपर्यंत गेले. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला आणि सरकारचे मत आणखी ताठर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात गृह मंत्रालयाने एक मसुदा काढला: परवानगीशिवाय नकाशाविषयक माहिती गोळा केली तर शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत तुरुंग. त्यावर इतका गदारोळ झाला की तो कायदा झालाच नाही. स्ट्रीट व्ह्यूचा प्रस्ताव मात्र सरकारने फेटाळला. मार्च 2018 मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले: गूगलच्या या प्रस्तावाला सरकारने संमती दिलेली नाही. चंद्रपूरचे खासदार असलेल्या अहीर यांच्या सहीने गेलेल्या त्या उत्तरात लोकांच्या खासगीपणाचा मुद्दा नव्हता. तो मांडायला सांगणारा कायदा देशात नव्हता.

तेच काम, देशी हाताने

इथे या कथेला मुंबईचा धागा जोडला जातो. गूगलची गाडी बंगळुरूत अडकून पडली असताना, 2013 मध्ये अंधेरीतल्या जेनेसिस इंटरनॅशनल या नकाशे बनवणाऱ्या कंपनीने ‘वोनोबो’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. भारतीय शहरांतले रस्ते चहूबाजूंनी पाहता येतील, अशी ती सोय होती. कॅमेरा तोच, रस्ता तोच, दारात उभी असलेली माणसेही तीच. फरक कंपनीच्या मालकीचा.

वोनोबो फार चालले नाही. गूगलच्या नकाशाची सवय लागलेल्या लोकांना दुसऱ्या दारात कशाला जायचे? पण त्यातून सरकारला वाट सापडली असावी. 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भू-अवकाशीय माहितीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय कंपन्यांसाठी जवळजवळ सगळे दरवाजे उघडले. पूर्वपरवानगी, परवाने, छाननी, सगळे गेले. स्वतःच प्रमाणपत्र द्यायचे, की झाले. परदेशी कंपन्यांसाठी नियम वेगळा. जमिनीवर आडव्या दिशेने एक मीटर आणि उंचीत तीन मीटर याहून बारीक अचूकतेची माहिती त्यांनी स्वतः गोळा करायची नाही. ती हवी असेल तर भारतीय कंपनीकडून परवान्यावर घ्यायची. माहिती भारतातल्याच सर्व्हरवर राहणार. परदेशी कंपनीने ती आपल्या ग्राहकाला दाखवायची, पण स्वतःच्या सर्व्हरमधून न्यायची नाही, दुसऱ्याला विकायची नाही. आणि रस्त्यावरून गाडी फिरवून केले जाणारे सर्वेक्षण, ‘स्ट्रीट व्ह्यू’ हे नाव घेऊन, अचूकता कितीही असो, फक्त भारतीय कंपन्यांसाठी राखून ठेवले.

म्हणजे वाड्यात राहायला जागा मिळाली, पण भाडेकरू म्हणून. किल्ली मालकाच्या कमरेला.

गूगलने अट मान्य केली. जेनेसिस आणि टेक महिंद्रा या दोन भारतीय कंपन्यांच्या गाड्या फिरल्या, छायाचित्रे त्यांनी घेतली, गूगलने ती परवान्यावर घेतली. दहा शहरांत मिळून दीड लाख किलोमीटरहून जास्त रस्ते झाले. स्ट्रीट व्ह्यू पूर्णपणे स्थानिक भागीदारांच्या हातून उभे राहण्याची ही जगातली पहिली वेळ आहे, असे खुद्द कंपनीनेच सांगितले. त्याच सुमाराला ‘मॅपमायइंडिया’ या भारतीय कंपनीनेही आपली तशीच सेवा आणली. ज्या कंपनीने जर्मनीत, अमेरिकेत, जपानमध्ये स्वतःची गाडी फिरवली, तिने भारतात गाडीची चावी दुसऱ्याला दिली.

सरकार परदेशी कंपनीला नमवू शकते का, या प्रश्नाच्या पहिल्या टप्प्याचे उत्तर इथे मिळते. शकते. अकरा वर्षे थांबवू शकते, अटी घालू शकते आणि कंपनी त्या पाळते. बाजारपेठ मोठी असली आणि परवानगीचा शिक्का सरकारच्या हातात असला की कंपनीचा मोठेपणा फारसा आड येत नाही.

हीच गोष्ट त्याच काळात मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या इमारतीतही घडत होती. 6 एप्रिल 2018 ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले: भारतातल्या कार्ड आणि इतर पेमेंट व्यवहारांची सगळी नोंद सहा महिन्यांत फक्त भारतात साठवा. परदेशी कार्ड कंपन्यांनी खूप खटपट केली, मुदतवाढ मागितली. रिझर्व्ह बँक हलली नाही. 2021 मध्ये तिने आधी अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लबला, मग मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. नियम पाळल्याचे पटल्यावर ती उठवली. मास्टरकार्डची जून 2022 मध्ये. नगरकरांना या शिक्क्याची ताकद वेगळ्या प्रसंगाने समजली. ऑक्टोबर 2023 मध्ये याच रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला आणि शंभर वर्षांहून जुन्या बँकेचे दार बंद झाले. परवाना ज्याच्या हातात, त्याच्यापुढे न्यूयॉर्कची कंपनी आणि नगरची बँक यांत फार फरक उरत नाही.

दाराआडच्या माणसाचे काय?

आता दुसरा टप्पा. 2022 मध्ये नगरच्या रस्त्यावरून कॅमेऱ्याची गाडी गेली, तेव्हा सावेडीतल्या एखाद्या घरमालकाने विचारले असते, ‘माझ्या अंगणाचे छायाचित्र कोणाच्या परवानगीने घेतले?’ तर त्याला कुठे पाठवले असते?

भारतात तेव्हा माहिती-संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले एक कलम आणि 2011 चे नियम होते. त्यांत पासवर्ड, बँकेचा तपशील, आजारपणाची नोंद, बोटांचे ठसे अशा मोजक्या गोष्टींचा विचार होता. रस्त्यावरून टिपलेले घर किंवा ओट्यावर बसलेला माणूस त्यात बसत नव्हता. चेहरे आणि गाड्यांचे नंबर गूगलने धूसर केले, घर धूसर करून हवे असेल तर पडद्यावर तक्रार नोंदवायची सोयही दिली. पण ही सगळी कंपनीची मर्जी. 2021 च्या तत्त्वांनी छायाचित्र कोणाच्या मालकीचे, कुठे साठवायचे, कोणी विकायचे, सगळे ठरवले. छायाचित्रात आलेल्या माणसाचा त्यावर काय हक्क, यावर ती तत्त्वे बोलली नाहीत.

तो हक्क मान्य झालेला होता, हे आणखी विशेष. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, त्यांत शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड हे महाराष्ट्रातले न्यायमूर्ती होते, एकमताने ठरवले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच्या काही आठवडे आधी सरकारने माहिती-संरक्षण कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती. अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणारे. समितीने अहवाल दिला तो दिवस 27 जुलै 2018. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला स्ट्रीट व्ह्यू नगरमध्ये आले. कायदा आला नव्हता.

मधल्या काळात 2019 मध्ये विधेयक मांडले गेले. त्यात सरकारी यंत्रणांना दिलेल्या मोकळिकीवर श्रीकृष्ण यांनी स्वतःच कडक टीका केली. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, तिने दोन वर्षे घेतली, 81 दुरुस्त्या सुचवल्या. आणि 3 ऑगस्ट 2022 ला सरकारने ते विधेयक मागे घेतले. म्हणजे गूगलने दहा शहरांची यादी जाहीर केल्यानंतर अवघ्या सातव्या दिवशी. नकाशाच्या मालकीचा नियम जागेवर होता. नकाशात दिसणाऱ्या माणसाचा कायदा पुन्हा शून्यावर आला.

नवा कायदा 11 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रपतींच्या सहीने झाला: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. कंपनी परदेशातली असली तरी भारतातल्या लोकांना सेवा देत असेल तर तो तिला लागू होतो. माहिती नीट न सांभाळल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. हॅम्बुर्गच्या दीड लाख युरोंपुढे हा आकडा भारी आहे. दंड ठरवण्यासाठी माहिती संरक्षण मंडळ असेल. ते कागदाऐवजी संगणकावरून चालेल, म्हणजे पारनेर किंवा अकोल्याच्या माणसाला दिल्लीची वारी करावी लागू नये. नियम मात्र निघाले ते नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यामुळे खरी परीक्षा 2027 च्या मध्यापासून.

या मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमते. कास्पर यांच्या खुर्चीला जे स्वातंत्र्य होते, ते इथे किती मिळेल हे त्या नेमणुकांवर अवलंबून आहे. आणि केंद्र सरकार सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या कारणाने आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकते. ब्लॅकबेरीच्या वेळी जी वृत्ती होती तीच इथे कलमात उतरली आहे: कंपनीने माहिती जपावी, सरकारने ती पाहावी.

राळेगणचा हिशेब

नियम निघताच कायद्याचा एक तुकडा मात्र लगेच लागू झाला, आणि तो नेमका नगर जिल्ह्याच्या इतिहासाला भिडतो. माहिती अधिकाराच्या महाराष्ट्रातल्या लढ्याचे केंद्र पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते. अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा मार्गी लागला. 2003 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले तेव्हा राष्ट्रपतींची संमती मिळाली. 2005 मध्ये देशाचा कायदा झाला. 2006 मध्ये फाइलींवरचे शेरे त्यातून वगळण्याचा घाट केंद्राने घातला तेव्हा अण्णा आळंदीत पुन्हा उपोषणाला बसले आणि दुरुस्ती बारगळली.

त्या कायद्यात एक तोल होता. एखाद्याची खासगी माहिती देऊ नये. पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर द्यावी. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. माहिती संरक्षण कायद्याच्या 44(3) कलमाने हा तोल काढून टाकला. आता वैयक्तिक माहिती आहे, एवढे म्हटले की अधिकाऱ्याला नकार देता येतो. जनहितासाठी माहिती देण्याचे दुसरे कलम शिल्लक आहेच, असे सरकार सांगते, आणि ते खरेही आहे. पण आधी जनहित तपासणे अधिकाऱ्याचे काम होते. आता ते पटवून देण्याची मेहनत अर्जदारावर येते. रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाची नावे आहेत, रेशनचे धान्य कोणाच्या नावावर उचलले गेले, हे गावातल्या गावात विचारणाऱ्यांना या फरकाची किंमत कळते.

स्ट्रीट व्ह्यूच्या अकरा वर्षांचा ताळा मांडला तर चित्र स्पष्ट आहे. भारत सरकारने गूगलला जेव्हा अडवले तेव्हा ते आपल्या भिंतींसाठी अडवले, आणि जेव्हा वाट दिली तेव्हा आपल्या उद्योगासाठी अटी घालून दिली. दोन्ही कामे रास्त होती आणि दोन्ही यशस्वी झाली. लहान देशांना जे जमत नाही ते भारताला जमते, हे त्यातून सिद्ध झाले. ताकद आहे की नाही, हा वाद त्यामुळे संपला. राहिला तो वापराचा वाद. ती ताकद सामान्य माणसाच्या हक्कासाठी वापरायची पाळी अजून आलेली नाही. त्यासाठीचा कायदा आला तेव्हा सोबतच त्याच माणसाचा सरकारला विचारायचा हक्क आकसला. कंपनीला हिशेब मागणारे मंडळ दिल्लीत बसेल. पण ते मंडळ खरोखर काम करते की नाही, त्याने किती तक्रारी निकाली काढल्या, कोणाला सूट दिली, हे शोधून काढायचे साधन माहिती अधिकार हेच आहे. परदेशी कंपनीला सरकारने जाब विचारावा असे वाटत असेल, तर सरकारला जाब विचारायची राळेगणची रीत आधी शाबूत ठेवावी लागेल. ती गेली, तर अडीचशे कोटींचा दंडही शेवटी सरकार आणि कंपनी यांच्यातला सौदाच ठरेल.